अक्काचं तिसरं गाणं

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी गाणं ऐकत होते, आणि फोन ठेवल्यावर मी ते गाणं पुरं ऐकलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला धक्का बसायला नको. सकाळी साडेसहाला तिनंच ते पाठवलं होतं. रोज एक गाणं आणि त्याच्यामागून तिच्या आवाजातला एक निरोप, हा आमचा गेल्या काही वर्षांचा रतीब. त्या दिवशीचा निरोप होता, "सुमन, दुसऱ्या कडव्याच्या आधी पेटी गप व्हती बघ. ती का गप व्हती ते सांग मला." मी भांडी आवरली, चहा घेतला, ओट्यावर फोन ठेवून पेटी गप होण्याची वाट बघत बसले आणि तेवढ्यात गाणं तुटून वैशालीचं, म्हणजे अक्काच्या सुनेचं नाव दिसलं. "काकी, आईंना कायतरी झालंय..." एवढं बोलून ती रडायलाच लागली. मागून कुणीतरी म्हणालं, "गेल्या म्हनावं. सांग की, गेल्या म्हनावं..." फोन बंद झाला तसं गाणं आपोआप पुन्हा सुरू झालं. मी चप्पल घालायला उठले होते ती परत बसले. दोनेक मिनिटं उरली होती. तिनं ऐकायला सांगितलं होतं, मी ऐकलं. मग मळ्यातून गावात पोचेपर्यंत सबंध वाट रडत गेले.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, कलावती. निमगाव सावात तिला नावानं ओळखणारे थोडे, पण गिरणीवाली अक्का म्हटलं की आजूबाजूच्या चार वाड्यांतली माणसंसुद्धा हात वर करून रस्ता दाखवायची. थोरल्या दिरांना शेतीचा नाद आणि हिला पिठाच्या गिरणीचा. पट्टा चढवण्यापासून मोटर खोलण्यापर्यंत सगळं ती स्वतः करायची. तिचं माहेर आळ्याचं. वडिलांचं फाट्यावर चहाचं हॉटेल होतं आणि तिथं दिवसभर रेडिओ चालायचा. अक्काचं सातवीपर्यंतचं शिक्षण शाळेत झालं आणि पुढचं त्या रेडिओवर. मी पेठची. आमच्या घरात भजनाखेरीज काही वाजलं की वडील न बोलता येऊन बटण फिरवायचे. लग्न होऊन आले तेव्हा आईनं बजावून पाठवलं होतं, जावाजावा उभा दावा, जपून राहा. तिसऱ्या दिवशी ही थोरली जाऊ मला गिरणीत घेऊन गेली, पोत्यावर बसवलं आणि विचारलं, "तुला गाणं कंचं आवडतं?" त्या घरात तोवर मला काय आवडतं असं कुणीच विचारलं नव्हतं, खाण्यापिण्याचंसुद्धा. मी घाबरून एका अभंगाचं नाव घेतलं. अक्का माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "आता खरं सांग." मग मी खरं सांगितलं. मैत्रिणीच्या घरी चोरून ऐकलेलं, पावसात भिजलेल्या बाईचं एक सिनेमाचं गाणं होतं. सांगताना माझे कान तापले होते. अक्का म्हणाली, "हाय माझ्याकडं. दळण संपू दे, लावते."

तिचा टेपरेकॉर्डर दुधाच्या पिशव्या कापून शिवलेल्या खोळीत असायचा, पीठ जाऊ नये म्हणून. मोटरच्या वर आवाज जावा म्हणून तिनं एका मंडपवाल्याचा जुना कर्णा आणून आढ्याला टांगला होता. नारायणगावात कॅसेट भरून देणारा एक दुकानदार होता, त्याच्याकडं ती वहीच्या कागदावर यादी घेऊन जायची. पण तिचं खरं प्रेम भरलेल्या कॅसेटवर नव्हतं. एकाच गायिकेची, एकाच संगीतकाराची, ठरवून केलेली अख्खी कॅसेट तिला प्यारी. ती पहिल्या बाजूच्या पहिल्या गाण्यापासून ओळीनं ऐकायची, मधलं एकही सोडायचं नाही. मी एकदा नावडतं गाणं पुढं ढकललं तर माझ्या हातावर चापट बसली. "ताट वाढताना मीठ-लिंबू सोडून डायरेक भातावर जाती का तू? ज्यानं हे मांडलं त्याला काय अक्कल नव्हती?" आणि दोन गाणी एकमेकांना चिकटवून लावलेली तर तिला मुळीच खपत नसत. गिरणीत बाजरीवर लगेच गहू टाकत नाहीत. आधी मूठभर गहू दळून बाजूला काढतात, नाहीतर चपात्या काळ्या होतात. अक्काचं म्हणणं, गाण्यांचंही तसंच. एक संपलं की मूठभर गप बसायचं, मगच दुसरं. मूठभर गप बसणं हा शब्द मी पुढं तीस वर्षं शाळेत वापरला. माझ्या वर्गातल्या मुलांना वाटायचं तो पुस्तकातला आहे.

चिठ्ठ्यांचं प्रकरण मात्र अख्ख्या तालुक्यात दुसरीकडं कुठं झालं नसेल. दळणाच्या डब्यात ज्याच्या-त्याच्या नावाची चिठ्ठी टाकायची पद्धत सगळ्याच गिरण्यांत असते. अक्का नावाच्या मागच्या बाजूला गाणं लिहायची. म्हणजे कुणी काय ऐकावं ते. कुणाची मुलगी सासरी गेली, कुणाचा बैल गेला, कुणाच्या घरी भांडण आहे, सगळं गिरणीत कळतंच. मग त्या घराच्या पिठातून त्यांच्यासाठी एक गाणं जायचं. पहिली ओळ लिहायची आणि डबा बंद. ज्याला ऐकायचं असेल त्यानं यावं, ती लावून दाखवेल. बायका यायच्या. परातीत पीठ ओतताना आधी चिठ्ठी शोधायची असा काही घरांतून रिवाजच पडला होता.

एकदा वरच्या आळीच्या ठकूबाईंच्या नव्या सुनेच्या डब्यात अशी चिठ्ठी गेली. नाव ठकूबाईंच्या मुलाचं, आणि मागं लिहिलेलं, "उतरत्या उन्हात तळ्यापाशी ये, मी वाट बघतो." डबा उघडला सासूनं, आणि तिला या रिवाजाची कल्पना नव्हती. नव्या सुनेला पिठातून चिठ्ठ्या येतात, याचा जो अर्थ काढायचा तो तिनं काढला. सुनेला कोंडून ठेवलं आणि मुलाला काठी देऊन गावतळ्यावर पाठवलं. तो बिचारा तीन वाजल्यापासून घाणेरीच्या मागं दबा धरून बसला. ऊन उतरल्यावर तळ्यापाशी आले ते शेळ्यांना पाणी पाजायला आणणारे सत्तरीचे गेनूबाबा. त्यांना काही कळायच्या आत त्यानं त्यांचं मानगूट धरलं. संध्याकाळी सगळी वरात गिरणीपुढं आली. अक्कानं चिठ्ठी वाचली, मोटर बंद केली आणि ते गाणं कर्ण्यावर लावलं. पहिली ओळ वाजल्यावर ठकूबाई म्हणाल्या, "म्हंजी... हे गानं हाय व्हय?" गेनूबाबा मान चोळत म्हणाले, "गानं बरं हाय, पर माझी मान?"

आम्ही हसलो, पण ते हसण्यावारी गेलं नाही. दुसऱ्या दिवशी गावातली चार वजनदार माणसं सासऱ्यांकडं आली. बायाबापड्यांच्या पिठात असला चावटपणा नको, थोरलीला समज द्या. सासऱ्यांनी दिली. मी दाराआड उभी होते. अक्का डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, "मामंजी, चिठ्ठी बंद तर गिरनी बंद. आळ्यापत्तुर जावा दळायला. न्हाईतर ज्वारी उकडून खावा." आणि खरंच दोन दिवस गिरणी बंद ठेवली. तिसऱ्या दिवशी त्या चार वजनदार माणसांपैकी एकाच्या घरूनच डबा आला. अक्कानं एवढीच तडजोड केली की पुढं प्रत्येक ओळीच्या आधी लाल पेनानं 'गाणं' असं लिहायला लागली. मला वाटतं, नाही म्हणता येतं हे मी पहिल्यांदा त्या दिवशी पाहिलं. पुढं मी डी.एड.ला जाते म्हटल्यावर घरात गदारोळ झाला तेव्हा मला तोच लाल पेन आठवत होता.

काळ बदलला की माणसं म्हातारी होतात आणि जुनं ते सोनं म्हणून बसतात. मीसुद्धा बसले. अक्का बसली नाही. कॅसेट गेल्या, सीडी आल्या, त्या गेल्या आणि मेमरी कार्डं आली, मग फोन आला. प्रत्येक वेळी तिनं नवीन यंत्र शिव्या देत आत्मसात केलं. फोनवर गाणी उलटसुलट क्रमानं वाजतात हे कळल्यावर तिचं डोकं फिरलं होतं, पण तो क्रम कसा बंद करायचा हेही तिनंच शोधून काढलं. आमच्याकडं उसाला लागून बिबट्याचं भय, त्यामुळं दिवस मावळायच्या आधी शेतातून येणारी माणसं फोनवर मोठ्यानं गाणी लावून चालतात. अक्का गिरणीच्या दारात उभी राहून त्यांच्या गाण्यांची हजेरी घ्यायची. एकाला म्हणाली, "आरं, असलं रडकं लावलंस तर बिबट्या सांत्वनाला यील की राव." ज्याचं गाणं पसंत पडेल त्याला थांबवून विचारायची, हे कुठलं, मला पाठव. तीस-पस्तीस वर्षांनी लहान माणसांशी तिची अशी दोस्ती होती. मी नव्या गाण्यांना नाक मुरडलं की म्हणायची, "गानी न्हाई बिघडली सुमन. तुझं कान म्हातारं झालं."

गेल्या वर्षी तिला एका मुलीचं रॅप सापडलं. मुलगी कुठल्यातरी गावातलीच, आपल्याच भाषेत, ताल धरून धडाधड बोलत जाते. सगळ्यांची ताटं झाल्यावर माझं ताट शेवटी का, एवढंच ती विचारते. बापाला विचारते, भावाला विचारते, नवऱ्याला विचारते, आणि शेवटी चूल सांभाळणाऱ्या आजीला विचारते. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सरळ सांगितलं, "अक्का, याला काय गाणं म्हणतात का? यात शिवीपण आहे." अक्का म्हणाली, "हाय की. एकच हाय, पर जिथं पायजे तिथंच हाय." मग दळणाचे डबे ओळीनं लावता लावता, माझ्याकडं न बघता म्हणाली, "ही पोरगी भांडती बघ. गान्यात भांडती. मला जल्मभर आसं भांडायचं व्हतं सुमन... मी निस्त्या चिठ्ठ्या लिव्हल्या." गिरणी बंद ठेवणारी, सासऱ्यांना तोंडावर सुनावणारी ही बाई, आणि हिला वाटत होतं की आपण भांडलोच नाही. त्या दिवशी घरी येऊन मी ते गाणं परत लावलं. आवडलं नाही. चौथ्या दिवशी आवडलं.

तिच्या हृदयाचं दुखणं दोन वर्षांपासूनचं होतं. उन्हाळ्यात एके दुपारी लाइट गेली होती, गिरणी गप होती, आम्ही दोघी पोत्यांवर बसलो होतो. ती म्हणाली, "एक काम हाय. माझ्या धाव्याला भाषनं नकोत. तीन गानी लाव." आमच्या भागात दहाव्याला, म्हणजे दशक्रियेला, घाटावर मंडप पडतो, प्रवचन होतं आणि नंतर पुढारी माइकवर श्रद्धांजल्या वाहतात. कधी कधी मेलेल्या माणसाचं नाव शेजाऱ्याला विचारून घेतात. पहिलं गाणं तिच्या वडिलांच्या हॉटेलातल्या रेडिओवर ऐकलेलं. दुसरं एका कॅसेटच्या शेवटचं, थोरले दीर, म्हणजे तिचे यजमान, गेल्यावर ती महिनाभर तेच ऐकत होती. तिसरं या मुलीचं. मी म्हटलं, "तिसरं घाटावर?" ती म्हणाली, "त्येच तर लावायचं हाय. पैली दोन नसली तरी चालंल." मी हो म्हटलं. आतून मला भीती वाटली होती, खोटं कशाला बोलू.

राजेंद्र तिचा एकुलता एक मुलगा. चांगला आहे, आईला दवाखान्यात त्यानंच सांभाळलं. पण गावच्या सोसायटीत संचालक आहे, उद्या कुठल्यातरी निवडणुकीला उभा राहील, आणि माणसं काय म्हणतील हा त्याचा कायमचा आजार. सातव्या दिवशी गावात फ्लेक्स लागला. त्यावर अक्काचा हात जोडलेला फोटो आणि खाली लिहिलेलं, धर्मपरायण, शांत, मितभाषी मातोश्री. मितभाषी वाचून मला रस्त्यात हसू आलं आणि तेवढाच राग आला. घरी जाऊन मी राजेंद्रला गाण्यांचं सांगितलं. तो म्हणाला, "काकी, पैली दोन लावू हवं तर, सकाळी, लोक यायच्या आधी. तिसरं न्हाई." मी म्हटलं, तिनं तिसऱ्यासाठीच सांगितलं होतं. तो म्हणाला, "दुखवट्यात शिवीचं गानं? घाटावर? उद्या मला तोंड दाखवायला जागा राहील का? तुमी मास्तरीण व्हता, तुमाला कळाय पायजे." वैशाली दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "आईंनी मलाबी सांगितलं व्हतं." तो तिच्यावर खेकसला, तशी ती आत गेली.

दहाव्याच्या सकाळी मला एकच आशा होती, कावळ्याची. पिंडाला कावळा शिवला नाही की माणसं इच्छा शोधायला लागतात, मग मी सांगितलं असतं. पण आम्ही हात जोडतो न जोडतो तोच कावळा आला आणि खाऊनसुद्धा गेला. राजेंद्र माझ्याकडं बघून म्हणाला, "बगा काकी. आईचं कायबी राह्यलं न्हाई." सगळ्यांनी सुस्कारा टाकला. मला त्या कावळ्याचा इतका संताप आला की सांगता सोय नाही. पण मग वाटलं, बरंच झालं. जन्मभर जिनं कुणाच्या आडून काही मागितलं नाही, तिचं काम मी कावळ्याच्या चोचीतून का करून घ्यावं?

प्रवचन झालं. पहिले पुढारी बोलले, दुसरे बोलले. दुसऱ्यांनी तिला शांत आणि सोशीक म्हटलं तेव्हा बायकांच्या बाजूनं खोकल्यासारखा आवाज आला. तिसऱ्यांचं नाव पुकारलं गेलं तशी मी उठले आणि स्पीकरवाल्या बाळूपाशी गेले. "मास्तरीणबाई, राजाभाऊंनी न्हाई म्हनून सांगितलंय," तो म्हणाला. मी म्हटलं, "बाळू, तुझ्या घरच्या पिठात किती चिठ्ठ्या आल्या रे आजवर?" त्यानं एकदा राजेंद्रकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि वायर माझ्या हातात दिली. मी माइक घेतला. भाषण केलं नाही. कलावतीबाईंनी ही तीन गाणी सांगितली होती, एवढंच बोलले आणि पहिलं लावलं. माणसं चुळबुळली, मग शांत झाली. दुसऱ्याला दोनतीन म्हाताऱ्या रडल्या. दुसरं संपल्यावर मी मूठभर गप बसले. नदीवरच्या मोटरचा आवाज येत होता. राजेंद्र उठून माझ्या दिशेनं यायला लागला होता. मी तिसरं लावलं.

पुरुषांतले काही जण उठून गेले. ज्यांचं भाषण राहिलं ते पुढारी फोन कानाला लावून गाडीकडं गेले. राजेंद्र माझ्यापासून चार हातांवर थांबला. त्याच्या आणि माझ्यामध्ये वैशाली येऊन उभी राहिली होती, डोक्यावरचा पदर घट्ट धरून. ती शिवी आली तेव्हा ठकूबाई, आता नव्वदीच्या, कानामागं हात धरून बसल्या होत्या. शेजारणीला मोठ्यानं म्हणाल्या, "काय म्हनली? परत म्हन." बायकांत हसू पसरलं. दहाव्याला, घाटावर, पांढऱ्या टोप्यांसमोर, साठ-सत्तर बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि रडत होत्या. एकीही उठली नाही. गाणं संपेपर्यंत मी फोन धरून उभी होते.

याचे परिणाम झाले. भावकीत मला नावं ठेवली गेली. शिकलीसवरलेली असून म्हातारपणी भ्रमिष्ट झाली, असंही कानावर आलं. राजेंद्रनं माझ्याशी बोलणं टाकलं. मी त्याची माफी मागितली नाही आणि मागणारही नाही. त्याच्या आईला चार खोटी विशेषणं चिकटवून नदीत सोडून देणं मला जमलं नसतं. पण तो बोलत नाही याचं दुःख मला आहे. त्याला मी माझ्या कडेवर वाढवलाय.

परवा दुपारी दळण घेऊन गिरणीत गेले. गिरणी आता वैशाली चालवते. लाइट गेली होती, ती जेवायला घरात गेली असावी. आत राजेंद्र एकटाच पोत्यावर बसला होता, गुडघ्यावर अक्काचा फोन. तिसरं गाणं चालू होतं. मला बघून तो उठला नाही की फोन लपवला नाही. मी डबा खाली ठेवला आणि समोरच्या पोत्यावर बसले. त्या मुलीचं बापाला विचारून झालं होतं, आता ती भावाला विचारत होती. त्याच्या कपाळावर आठ्या होत्या, एखादा कठीण हिशेब जुळत नसल्यासारख्या. सहा आठवड्यांनी तो माझ्याशी पहिलं वाक्य बोलला, तेही फोनकडं बघूनच.

"ह्ये काय गानं न्हाई, काकी."

"मग कर बंद," मी म्हटलं.

त्यानं बोट पुढं नेलं... आणि तसंच धरून ठेवलं.

"थांबा," तो म्हणाला. "संपू तर द्या."